'आता सोडलं तर पाच वर्षं पाण्यात'

पुण्यात सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या एका अभ्यासिकेत टेबलाच्या फळीवर चिकटवलेली चिठ्ठी पाहिली. वर स्वतःचं नाव, खाली 'उपजिल्हाधिकारी'. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. तिथे बसणारा मुलगा म्हणाला, "घरचे म्हणतात ये परत, दुसरं काही बघू. मीच थांबलोय. आता सोडलं तर पाच वर्षं पाण्यात जातील."

हे वाक्य इतक्या मुलामुलींच्या तोंडून ऐकलंय की आता राग येतो. त्यांचा नाही, हे त्यांच्या मनात भरवणाऱ्यांचा. अरे, ती पाच वर्षं गेलीच आहेत. पुन्हा बसलात म्हणून परत येणार नाहीत. ठरवायचं आहे ते सहाव्या वर्षाचं. झालेल्या खर्चापायी माणूस गोष्टीला चिकटून राहतो, हे हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी 1985 मध्येच दाखवलं. नाटकांच्या हंगामी तिकिटाला पूर्ण दाम मोजलेले लोक सवलतवाल्यांपेक्षा हंगामाच्या पहिल्या निम्म्या काळात जास्त नाटकांना गेले. नाटकं दोघांनाही तीच होती.

याच्याच जोडीला येतं 'प्रयत्नांती परमेश्वर'. दहावीला ते लागू पडतं. पस्तीस मिळवले की पास, मग कितीही जण मिळवोत. स्पर्धा परीक्षेत जागा मोजून ठेवलेल्या असतात. यूपीएससीच्या 2024 च्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेला 5,83,213 उमेदवार बसले आणि शेवटी शिफारस झाली 1,009 जणांची. म्हणजे 578 जणांत एक. उद्या सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला तरी जागा तेवढ्याच, फक्त कट-ऑफ वर सरकेल. मग बाहेर राहिलेल्या प्रत्येकाला 'तू कमी पडलास' कसं म्हणता?

सोडणारे मनाने कच्चे असतात? ग्रेगरी मिलर आणि कार्स्टन व्रोश यांनी 90 किशोरवयीन मुलींना वर्षभर तपासलं. हाती न येणारं ध्येय ज्यांना सोडवत नव्हतं, त्यांच्या रक्तात दाह दाखवणारं सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन वाढत गेलं. एका अभ्यासावरून कारण सिद्ध होत नाही, पण चिकटून राहणं शरीराला फुकट पडत नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

दबाव आईवडिलांचाच असतो, हेही अर्धसत्य. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या महाविद्यालयीन मुलांच्या स्वतःकडूनच्या अपेक्षा 1989 ते 2016 दरम्यान वाढत गेल्याचं करन आणि हिल या संशोधकांना आढळलं.

'प्लॅन बी ठेवला की लक्ष उडतं' यात मात्र तथ्य आहे. 2016 च्या एका संशोधनात तसं दिसलंही. म्हणून तो विचार परीक्षेच्या तोंडावर नको. दोन प्रयत्नांच्या मधल्या काळात करा.

मग थांबायचं कधी? निकालाच्या संध्याकाळी काहीच ठरवू नका. पुढचा अर्ज भरण्याआधी मागच्या प्रयत्नांचे गुण आणि त्या-त्या वर्षाचे कट-ऑफ एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा. अंतर कमी होत असेल तर जरूर बसा. होत नसेल, तर ज्याला तुमच्याकडून फी मिळत नाही अशा जाणत्या माणसाला तो कागद दाखवा. आणि झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर आधी 14416 वर फोन करा. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.