वृक्षसंगोपनाचे शिक्षण : पदवी की व्यावसायिक पदविका?

वनशास्त्राचा विषय जंगल आणि त्यातून मिळणारे लाकूड हा असतो. वृक्षसंगोपनाचा, म्हणजेच ‘आर्बोरिकल्चर’चा विषय मात्र रस्त्याच्या कडेचे, उद्यानातले किंवा घराच्या आवारातले एकेक झाड असतो आणि त्याची लागवड, निगा, छाटणी व त्याच्यापासून माणसांना संभवणाऱ्या धोक्याचे मूल्यमापन ही कामे त्यात मोडतात. ब्रिटनमध्ये हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून रुजला आहे, याचे एक मोठे कारण तेथील कायद्यात सापडते. १९४७ च्या नगरनियोजन कायद्याने स्थानिक प्रशासनाला विशिष्ट झाडांसाठी संरक्षणाचा आदेश काढण्याचा अधिकार दिला आणि आजही असे संरक्षित झाड परवानगीवाचून तोडणे हा गुन्हा ठरतो. त्यामुळे झाडाविषयी लेखी, कारणांसह आणि प्रसंगी न्यायालयात टिकेल असे मत देणारा तज्ज्ञ लागतो. तो घडवण्याच्या दोन प्रमुख वाटा आहेत : विद्यापीठाची पदवी आणि व्यावसायिक पदविका.

या दोहोंची तुलना करताना ‘स्तर’ आणि ‘श्रेयांक’ यांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. इंग्लंडमधील अर्हतांच्या चौकटीत तिसरा स्तर साधारणतः आपल्याकडील बारावीच्या जवळचा, पाचवा दोन वर्षांच्या ‘फाउंडेशन डिग्री’चा आणि सहावा ऑनर्स पदवीच्या अंतिम वर्षाचा मानला जातो. स्तर अभ्यासाची काठिण्यपातळी सांगतो, तर श्रेयांक त्याचा आवाका. वृक्षसंगोपनाची ‘प्रोफेशनल डिप्लोमा’ ही पदविका सहाव्या स्तराची असल्याने काठिण्यात ती ऑनर्स पदवीच्या बरोबरीची ठरते. परंतु पूर्ण ऑनर्स पदवीचे ३६० श्रेयांक असतात आणि पदविकेचा आवाका त्याहून बराच लहान असतो. ‘दोन्ही सारख्याच’ हे विधान म्हणूनच अर्धेच खरे आहे.

आवाक्यातील हा फरक प्रत्यक्षात कसा जाणवतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जुन्या ओकच्या बुंध्याशी कठीण, फळीसारखी अळंबी उगवली, तर आतले लाकूड कुजत असल्याची ती खूण असते. कुजण्याची प्रक्रिया कशी चालते, झाड कुजलेला भाग भिंती घातल्याप्रमाणे कसा वेगळा पाडते (अमेरिकी शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी मांडलेला हा सिद्धान्त छाटणीच्या आधुनिक पद्धतीचा एक आधार आहे) आणि पोकळ खोडाच्या शाबूत कवचाची जाडी त्रिज्येच्या सुमारे एकतृतीयांश असावी, हा जर्मन संशोधक क्लाउस माथेक यांचा ठोकताळा कितपत विश्वासार्ह आहे, या प्रश्नांकडे पदवीचा अभ्यास सावकाशीने पाहतो. त्याच झाडाखालून शाळेची वाट जात असेल, तर शेंडा उतरवावा, वाट वळवावी की झाड काढावे, याचा निर्णय घेऊन मालकाला समजेल अशा भाषेत अहवाल लिहिण्याचा कस पदविकेत लागतो.

बांधकामाच्या जागेवरही हेच दिसते. २०१२ च्या ब्रिटिश मानकानुसार, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजून त्याच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ हे मुळांचे संरक्षणक्षेत्र धरतात. व्यास ६० सेंटिमीटर असल्यास त्रिज्या ७.२ मीटर येते. हे गणित कोणालाही जमण्याजोगे आहे. मात्र एका बाजूला जुना रस्ता असेल, तर मुळे तिकडे फारशी पसरलेली नसण्याचा संभव असतो आणि अशा वेळी क्षेत्राचा आकार कसा बदलावा, हे ठरवण्यासाठी मुळांचे शास्त्र आणि जागेवरचा अनुभव दोन्ही लागतात.

पदविका मुळात धंद्यात मुरलेल्या माणसांसाठी आहे. झाडावर चढून छाटणी करणारे, कंत्राटदाराकडे देखरेख करणारे किंवा पालिकेत वृक्ष अधिकारी असणारे लोक नोकरी सांभाळून, अधूनमधून वर्गाला येऊन आणि उरलेला अभ्यास घरी करून ती मिळवतात. उत्पन्न बुडत नाही, हा तिचा मोठा लाभ. पण दिवसभराच्या कामानंतर स्वतःच्या शिस्तीने अभ्यास रेटावा लागतो, ही तिची किंमत. पदवीसाठी काही वर्षे आणि भरघोस शुल्क मोजावे लागते, तरी शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्याला प्रयोगशाळा, संशोधनाची पद्धत आणि पुढे एम.एस्सी.चा मार्ग तिथेच सापडतो. लँकाशायरमधील मायर्सको महाविद्यालयात हे शिक्षण पदव्युत्तर पातळीपर्यंत मिळते. चेनसॉ चालवण्याचे आणि दोरावर काम करण्याचे कौशल्यदाखले मात्र दोन्ही वाटांवर निराळे मिळवावे लागतात.

महाराष्ट्रातही १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने शहरांमध्ये वृक्ष प्राधिकरणे आणली आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ ही संज्ञा दिली; त्यामुळे अशा तज्ज्ञांची गरज इथेही आहे. दापोलीसारख्या ठिकाणी वनशास्त्राची पदवी घेतलेल्या आणि ब्रिटनला जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रम अधिक सोयीचा ठरू शकतो, कारण विद्यार्थी व्हिसाच्या अटी पूर्णवेळ शिक्षणाला धरून असतात, तर पदविका तेथे आधीच काम करणाऱ्यांच्या सोयीने आखलेली आहे. तेव्हा निवडीचा निकष कागदाची प्रतिष्ठा हा नसून उणीव हा असावा : ज्याचा हात कामात बसला आहे पण निर्णयामागची कारणे मांडता येत नाहीत, त्याने पदविकेकडे वळावे, ज्याला शास्त्राचा पायाच घालायचा आहे, त्याने पदवी घ्यावी आणि सुट्ट्यांमध्ये प्रत्यक्ष झाडांवरचे काम शिकून घ्यावे.