संकेतस्थळांचा उंबरठा

घरबसल्या कामें उरकतां येणें ही या पिढीस लाभलेली फार मोठी सोय होय, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. आम्हां वसई-विरारकडील लोकांस तर तिची किंमत विशेष कळते. एखादा अर्ज किंवा दाखला एवढ्यासाठीं विरारची गाडी पकडून मुंबईस जाणें हें काय दिव्य असतें, तें सकाळच्या वेळीं वसईच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या मनुष्यास सांगावयास नको. आतां यांतलीं पुष्कळशीं कामें संकेतस्थळावर होतात. तेव्हां ज्याला गर्दींत शिरणें सर्वांत कठीण, त्या अंध, पंगु व दुर्बल मनुष्यास या सोयीचा लाभ सर्वांत अधिक मिळावयास हवा. परंतु व्यवहारांत नेमकें उलट घडतें. ज्याच्यासाठीं हें दार उघडलें असें आपण म्हणतों, त्याच्याच पायाला उंबरठा लागतो. हें कां घडतें, व तें टाळण्याचा आपला आजवरचा मार्ग कोठें चुकला, याचा थोडा विचार वाचकांपुढें मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. शाळेंत असतांना त्याची दृष्टि चांगली होती. पुढें तिशींत ती हळूहळू गेली. संगणकावर त्याची बोटें माझ्यापेक्षां कितीतरी वेगानें चालतात. गेल्या वर्षीं एका नोकरीचा अर्ज भरण्यास तो माझ्या घरीं बसला होता. अर्जाचीं सारीं पानें त्यानें स्वतः भरलीं. अखेरीस वेड्यावांकड्या अक्षरांचें एक चित्र आलें. यास कॅप्चा म्हणतात. त्यांतील अक्षरें ओळखून लिहिलीं, म्हणजे आपण यंत्र नसून मनुष्य आहों हें सिद्ध होतें! तें चित्र त्यास दिसणें शक्य नव्हतें, व ऐकण्याची सोय तेथें ठेविलेली नव्हती. मी चष्मा पुसून अक्षरें वाचूं लागलों, दोनदां चुकलों, तेवढ्यांत ठराविक वेळ संपून भरलेला सारा अर्ज पुसला गेला. मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. पुन्हा सर्व भरीपर्यंत ती टळून गेली.

मी हळहळूं लागलों, तेव्हां तो शांतपणें म्हणाला, "सर, वाचून दाखवणारीं माणसं मला पुष्कळ आहेत. पण बँकेचा पासवर्ड, आजाराचा कागद, पगाराचा आकडा, सगळं दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहायचं, म्हणजे माझं स्वतःचं असं कांहीं उरतच नाहीं. मला वाचणारा माणूस नको. मला वाचतां येईल असं पान हवं."

तोंवर मी या प्रश्नाकडे दयेच्या दृष्टीनें पाहत होतों. तो हक्काचा व अब्रूचा प्रश्न आहे, हें मला माझ्या विद्यार्थ्यानें शिकविलें.

अंध मनुष्य संगणक वाचतो कसा, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारा एक प्रोग्राम असतो. त्यास स्क्रीन रीडर म्हणतात. त्यांपैकीं एनव्हीडीए हा ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें २००६ सालीं सुरू केला. जेम्स टेह हा त्याचा सहकारीही अंधच. हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो व मराठीही वाचतो. मोबाइलमध्यें टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर असा प्रोग्राम असतोच. परंतु या वाचकास पानाचें बाह्य रूप दिसत नाहीं. त्याखालीं जी शब्दांची व खुणांची मांडणी असते, तेवढीच त्यास कळते. बटणांस नांवें दिलेलीं नसतील, तर "बटण, बटण, बटण" असा जप ऐकूं येतो. त्यांतील कोणतें पैसे भरण्याचें व कोणतें अर्ज रद्द करण्याचें, हें ऐकणाऱ्यानें देवावर हवाला ठेवून ठरवावें.

संस्कृत शिकलेल्या वाचकांस हें एका दृष्टांतानें पटेल. श्लोकांत शब्द मागेंपुढें असले तरी चालतें, कारण विभक्तीवरून अन्वय लागतो. प्रत्ययच काढून टाकले, तर पंडितासही अर्थ लावतां येणार नाहीं. संकेतस्थळाचें तसेंच आहे. हा मथळा, ही यादी, या चौकटींत जन्मतारीख लिहावयाची, अशा खुणा पानाच्या पोटांत घालावयाच्या असतात. डोळस मनुष्य अक्षरांच्या आकारावरून मथळा ओळखतो. स्क्रीन रीडर खुणेवरून ओळखतो. खुणा गाळून केवळ ठळक अक्षरें काढणें म्हणजे प्रत्यय गाळून श्लोक लिहिणें होय. तेव्हां हें काम अंधांवर करावयाचा उपकार नसून शुद्धलेखनाचाच भाग आहे.

मजकडूनही हेंच अशुद्धलेखन झालें, हें कबूल केलें पाहिजे. आमच्या वाचनालयाचें एक लहानसें संकेतस्थळ आहे. मी सुवाच्य अक्षरांत सूचना लिहून तिचें छायाचित्र त्यावर चढवीत असें. पुस्तकांची यादी जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत टंकलेली होती. हा तर मराठीस जडलेला खास रोग आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं निघालेल्या या फॉन्टांत पडद्यावर मराठी अक्षर दिसत असलें, तरी संगणकाच्या लेखीं तें एखादें इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतें. अशी यादी स्क्रीन रीडरनें वाचली, म्हणजे कोणा मांत्रिकाच्या मंत्रासारखें कांहींतरी ऐकूं येतें. विद्यार्थ्यानें तें मला ऐकविलें, तेव्हां प्रथम हसूं आलें व मागाहून लाज वाटली. त्या पानावर सहा महिन्यांच्या सूचना होत्या, आणि त्याच्यासाठीं त्यांतली एकही नव्हती.

नियमांची वाण आहे असें नाहीं. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या जागतिक संस्थेनें १९९९ सालीं याविषयींचीं पहिलीं तत्त्वें प्रसिद्ध केलीं. २०२३ सालीं त्यांची २.२ ही आवृत्ति निघाली. पानावरील गोष्ट इंद्रियांस कळावी, हातास चालवितां यावी, बुद्धीस समजावी व निरनिराळ्या साधनांवर टिकावी, हें त्यांचें सार होय. आपल्याकडे २०१६ सालचा दिव्यांग हक्क कायदा आहे. परंतु त्याखालील २०१७ च्या नियमांनीं ही सुगमता जवळजवळ शिफारशीच्या पायरीवर ठेविली. राजीव रतुरी या अंध गृहस्थांनीं २००५ पासून चालविलेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं तो नियम मूळ कायद्याशीं विसंगत ठरविला, व सक्तीचे किमान नियम तीन महिन्यांत करण्यास सांगितलें. पुढें ३० एप्रिल २०२५ रोजीं प्रज्ञा प्रसून यांच्या खटल्याचा निकाल लागला. ओळख पटविण्यासाठीं कॅमेऱ्यापुढें डोळ्यांची उघडझाप करावी, असा दंडक होता. ॲसिडच्या हल्ल्यांत ज्यांचे डोळे व पापण्या गेल्या, त्यांनीं तो कसा पाळावा? अशा सेवांपर्यंत पोंचतां येणें हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असें न्यायालयानें सांगितलें.

मग चुकतें कोठें? माझ्या मतें, आपण हें काम नेहमीं शेवटीं करतों. घर बांधून झाल्यावर जिना आठवावा, तसा हा प्रकार आहे. त्याच्या तीन तऱ्हा दिसतात. पहिली, अंधांसाठीं निराळें पान काढण्याची. मुख्य पानावर नवी तारीख लागते आणि निराळें पान जुनीच सांगत राहतें. पंक्तींत न बसवितां एखाद्यास मागच्या पडवींत वाढावें, त्यांतलाच हा मान! दुसरी तऱ्हा आयत्या ठिगळाची. पानाच्या कोपऱ्यांत एक चिन्ह बसविलें, कीं सारें संकेतस्थळ सर्वांस सुगम होतें, अशी जाहिरात कित्येक कंपन्या करतात. अमेरिकेंत ॲक्सेसिबी या कंपनीच्या अशाच दाव्यांबद्दल तेथील फेडरल ट्रेड कमिशननें २०२५ सालीं तिला दहा लक्ष डॉलर भरावयास लाविले. तिसरी तऱ्हा यंत्राकडून तपासून प्रशस्तिपत्र मिळविण्याची. चित्रास वर्णन आहे कीं नाहीं, हें यंत्र सांगूं शकतें; परंतु नुसतें "चित्र पहिलें" असें लिहिलेलें असलें, तरीही त्याचें समाधान होऊं शकतें!

खरा मार्ग एकच दिसतो. पान आखतांनाच ही गोष्ट ध्यानांत घ्यावी, आणि तें लोकांपुढें ठेवण्यापूर्वीं अंध, बधिर व हात अधू असलेल्या माणसांकडून, त्यांस योग्य मेहनताना देऊन, तपासून घ्यावें. बधिरास चित्रफितीखालीं शब्द हवेत. ज्याचा हात कांपतो त्यास माउसवांचून केवळ कीबोर्डानें काम करतां यावें. ज्यास तांबडा व हिरवा रंग निराळा ओळखतां येत नाहीं, त्यास "तांबडें बटण दाबा" ही सूचना निरुपयोगी. आणि मोतीबिंदु काय, सांधेदुखी काय, आज ना उद्यां आपल्याही घरीं येणार आहेत. फिकट पार्श्वभूमीवरील करडीं अक्षरें पाहून मीही अलीकडे हताश होतों.

आमच्या प्रांतास हा धडा नवा नाहीं. सोपाऱ्यास १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. नवव्याचा तुकडा १९५६ सालीं जवळच भुईगांवास मिळाला. या राजानें आपलीं शासनें लोकांच्या बोलींत कोरविलीं. वायव्येकडील प्रजेसाठीं ग्रीक व अरमाईक भाषाही योजिल्या. ओडिशांतील धौली व जौगड येथील लेखांत तर, हा लेख ठराविक तिथींस लोकांस ऐकवावा, आणि मधल्या काळीं एकट्यादुकट्यासही ऐकूं द्यावा, अशी आज्ञा आहे. ज्यास वाचतां येत नव्हतें, त्याचा विचार त्यानें शिलेवर अक्षर कोरतांनाच केला. आपलें पान तर शिलेचें नाहीं. तें घटकाभरांत बदलतां येतें.

आपल्या पुष्कळ घरांतून मुलें-मुली संगणकाच्या धंद्यांत आहेत. त्यांस एवढेंच सांगावें कीं, आपण केलेलें पान एकदां माउस बाजूस ठेवून चालवून पाहा, व एकदां डोळे मिटून ऐका. आणि आपण वडील मंडळींनीं निदान मंडळाची सूचना छायाचित्रांत न पाठवितां अक्षरांत लिहावी.

वाचनालयाची यादी आम्हीं युनिकोडमध्यें नव्यानें टंकली. त्यास दोन महिने लागले. काम पुरें झालें म्हणून मीं मोठ्या उत्साहानें विद्यार्थ्यास बोलाविलें. त्यानें सर्व पान ऐकलें व म्हणाला, "सर, यादी छान वाचतां येते. पण 'येथें दाबा' असं बारा ठिकाणीं लिहिलंय, आणि दाबल्यावर काय उघडणार तें कुठंच सांगितलेलं नाहीं." मीं चष्मा लावला व पुन्हा कामास बसलों.