खोडलेली ओळ जपणारी वही

निबंधाच्या वहीत मुलाला शेवटी काय मिळतं? तांबड्या खुणा आणि गुण. तोच निबंध पुन्हा लिहायची संधी क्वचितच. म्हणून मला शिक्षक या नात्याने 'विकी' हे साधन मोलाचं वाटतं. अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. इथे वाचणाराच पान दुरुस्त करतो आणि आधीचा प्रत्येक मसुदा 'इतिहासा'त राहतो. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडियाही असाच चालतो.

समजा, वर्गाने गावच्या ओढ्यावर पान लिहायला घेतलं. एकीने माहिती लिहिली, दुसऱ्याने ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, तिसरीने विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?" लेखनाचं शिक्षण इथे सुरू होतं. धीट मुलंच लिहितील आणि बाकीची बघत बसतील, हा धोका आहेच. पण कोणी किती लिहिलं हे इतिहासात दिसतं. गप्प राहिलेलं मूल शिक्षकाला सापडतं.

शाळेत संगणक नसेल, तर भिंतीवर मोठा कागद लावा. अट एकच: खोडायचं ते एका रेघेने, खालचं वाचता आलं पाहिजे.