मॉनिटर घेताय? आधी वर्तमानपत्र कापा!

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी संगणकावर विमान चालवलंय? बरेच हात वर झालेले दिसताहेत! मग त्यातल्या कितीजणांना ते नीट उतरवता येतं? आता बघा, निम्मे हात खाली.

माझा भाचा आठवीत आहे. सेस्ना १७२ हे छोटं विमान घ्यायचं आणि जुहूला उतरवायचं, हा त्याचा वर्षभराचा उद्योग. (१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, ते हेच जुहू.) उडायचं छान, पण उतरताना विमान दर वेळी आपटायचं. "पडदा लहान आहे ना, म्हणून!" हे त्याचं ठाम मत. घरी होता जुना, चौकोनी, १९ इंची मॉनिटर. ताईने मला विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "२२ इंची घे. तीन इंच मोठा!"

भाच्याने दिवाळीचे आणि वाढदिवसाचे साठवलेले पैसे घातले, वर ताईने भर घातली. मॉनिटर आला. विमान सुरू केलं आणि स्वारी दोन मिनिटं गप्पच. मग हळूच म्हणाला, "मावशी, डॅशबोर्डवरची घड्याळं आधीपेक्षा लहान दिसतायत."

मी पट्टी घेऊन मोजलं. पोराचं बरोबर होतं!

मॉनिटरचे इंच मोजतात ते कर्णाचे, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. जुन्या मॉनिटरची रुंदी आणि उंची ५ ला ४ या प्रमाणात होती; नवा १६ ला ९. त्यामुळे रुंदी ३८ सेंटिमीटरवरून ४९ झाली, पण उंची ३० वरून २७ वर आली. त्याच्या खेळात चित्र पडद्याच्या उंचीप्रमाणे बसत होतं. घड्याळं लहान होणारच. पायथागोरस शाळेत शिकवणारी मी, आणि दुकानात जाताना त्यालाच विसरले!

तुम्ही विसरू नका. १६ चा वर्ग अधिक ९ चा वर्ग म्हणजे ३३७, त्याचं वर्गमूळ सुमारे १८.३६. मॉनिटरच्या इंचांना याने भागा. उत्तराला १६ ने गुणलं की रुंदी आणि ९ ने गुणलं की उंची, तीही इंचात. मग २.५४ ने गुणून सेंटिमीटर करा. २७ इंची मॉनिटर येतो ६० बाय ३४ आणि ३२ इंची ७१ बाय ४०. गंमत म्हणजे ते लांबलचक ३४ इंची 'अल्ट्रावाइड' येतात ना, त्यांची उंची २७ इंचीएवढीच असते. आडवं आकाश भरपूर, उभं तेवढंच.

आता खरी गोष्ट. धावपट्टी नेमकी किती मोठी दिसायला हवी? बऱ्याच मोठ्या विमानतळांवर ती ४५ मीटर रुंद असते. खरा वैमानिक ३ किलोमीटर अंतरावर असताना त्याने डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर पट्टी धरली, तर त्या धावपट्टीची रुंदी भरेल ९ मिलिमीटर. फक्त ९! भाच्याचा २२ इंची पडदा ६० सेंटिमीटरवरून डोळ्यांपुढचा ४४ अंशांचा कोन व्यापतो. (कंपासपेटीतला कोनमापक काढून बघा, ४४ अंश म्हणजे किती थोडे ते.) पण खेळ समजा ८० अंशांचं दृश्य दाखवत असेल, तर ते तेवढ्याच जागेत कोंबून बसवावं लागतं. मग धावपट्टी उरते जेमतेम ४ मिलिमीटर. ती लांब आहे असं वाटत राहतं, आणि जमीन एकदम अंगावर येते. भाच्याचं आपटणं यातलंच.

३२ इंची पडदा त्याच अंतरावरून ६१ अंश व्यापतो. म्हणजे खेळातलं दृश्यही ६१ अंशांवर ठेवलं, तर धावपट्टी खऱ्याएवढी ९ मिलिमीटर दिसते आणि बाजूची जमीनही बरीच दिसते. मोठ्या पडद्याला जास्तीचे पैसे देतो ते यासाठी. मात्र तोच पडदा ९० सेंटिमीटर मागे सरकवला, तर उरतात ४३ अंश. तुमच्या २२ इंचीपेक्षाही एक कमी! म्हणून इंचांच्या आधी टेबल मोजा. मॉनिटरचा पाय टेबलाची बरीच जागा खातो, तेव्हा पडदा भिंतीला टांगता येईल का तेही बघा. फार जवळ नको हं, हात लांब केल्यावर बोटं टेकतील तेवढं अंतर हवंच.

पालकांसाठी दोन शब्द. पडद्यावरचं चित्र ठिपक्यांचं बनतं. २४ इंची पडद्यावर १९२० बाय १०८० ठिपके असले की अक्षरं छान दिसतात. तेवढेच ठिपके ३२ इंचांवर ताणले, की घड्याळातले आकडे खरबरीत होतात. ३२ इंचीला २५६० बाय १४४० घ्या, ठिपका अगदी २४ इंचीएवढाच बारीक राहतो. 'फोर के'मध्ये ठिपके साध्याच्या चौपट, म्हणून ग्राफिक्स कार्डाचं कामही खूप वाढतं. मग मॉनिटरपाठोपाठ कार्डाचं बिल येतं! सेकंदाला १४४ किंवा २४० चित्रं दाखवणारे महागडे मॉनिटर गोळीबाराच्या खेळांना ठीक. विमान शांतपणे उडवायला ६० पुरेत.

आणि एक ऐका. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ साली विमानचालन शिकवणारं यंत्र बनवलं. घरचा धंदा ऑर्गन बनवण्याचा, म्हणून यंत्र हलायचं भात्यांवर. आत बसलं की वरून झाकण बंद. खिडकी नाही, पडदा नाही, समोर फक्त घड्याळं! दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यात बसून शिकले. हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, "मग मला घड्याळं तरी मोठी दिसू देत की!" यावर काय बोलणार?

शेवटी आम्ही वर्तमानपत्राची पानं चिकटवून ७१ बाय ४० चा तुकडा कापला आणि टेबलामागच्या भिंतीवर लावला. आठवडाभर त्याच्यासमोर बसून बघायचं, मान वर करावी लागते का, टेबल पुरतं का. नवा मॉनिटर पुढच्या दिवाळीला, असं ताईने बजावलंय. तोवर एक बिनपैशाचा उपाय केला. विमान धावपट्टीच्या सरळ रेषेत आलं, की खेळातला झूम वाढवून दृश्य ४४ अंशांवर आणायचं. बाजूचं दिसत नाही, पण समोरची धावपट्टी खऱ्याएवढी होते.

परवा रात्री फोन आला. "मावशी, दोन उड्या मारल्या, पण धावपट्टीवरच थांबलं!" भिंतीवरच्या कागदावर त्याने आता निळ्या पेनाने सहा घड्याळं काढली आहेत.