पाटल्या कोणी घेतल्या?

घरातली गोष्ट उंबऱ्याच्या आत ठेवावी, अशी आपल्याकडील जुनी शिकवण. आम्हीही ती साठ वर्षे निष्ठेने पाळली. आज ती मोडीत आहोत, याचे कारण इतकेच की, ती वेळीच मोडली असती तर आमच्या घरातील एका व्यक्तीचे पुष्कळ दुःख वाचले असते.

2018 सालच्या महालक्ष्म्या. आमचे मूळ घराणे परभणीकडचे, त्यामुळे ज्येष्ठा-कनिष्ठांचा थाट मराठवाडी पद्धतीचा: सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील. वीस-बावीस पाने मांडलेली. काचीगुडा, बरकतपुरा, बडीचावडी येथील आप्त-स्नेही जमलेले. पुण्याहून आमच्या भगिनी मुद्दाम आलेल्या. पहिला घास घेण्यापूर्वीच आई उठून उभी राहिली आणि आमच्या सौभाग्यवतींकडे बोट दाखवून स्वच्छ शब्दांत म्हणाली, "माझ्या पाटल्या हिने घेतल्या. विचारा तिला."

पंगत स्तब्ध झाली. सौ. च्या हातात वाढण्याचे पातेले होते. ते तिने सावकाश खाली ठेवले आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. आम्ही काय केले? काहीच नाही. "आई, जेवून घे," एवढेच पुटपुटलो. तेहतीस वर्षे ज्या घरासाठी ती राबली, त्या घरात तिच्या बाजूने एक वाक्य आमच्या तोंडून निघाले नाही. भगिनी पुण्यास परत गेल्या त्या मनात अढी धरूनच. पुढे दीड वर्ष त्यांचा दूरध्वनी आला नाही.

वस्तुतः लक्षणे वर्षभर आधीपासून दिसत होती. वरणात दोनदा मीठ पडे. बडीचावडीच्या मंडईतून घरी येण्याची पन्नास वर्षांची वाट एके दिवशी आईला आठवेना, आणि भाजीवाल्या बाईने तिला हाताला धरून आणून सोडले. एका डॉक्टरांना दाखवले, तर ते हसून म्हणाले की, ऐंशीला टेकलेल्या माणसाने आणखी किती लक्षात ठेवायचे! आम्हालाही तेच ऐकायचे होते. तपासणी झाली ती 2019 मध्ये, आणि निदान निघाले अल्झायमरच्या विकाराचे.

हा विकार आणि म्हातारपणीचा विसराळूपणा यांत अंतर आहे. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे, आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणे वेगळे. ब-12 जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा दोष किंवा मनाचे खोल नैराश्य यांमुळेही असाच भास होतो, आणि ती कारणे उपचाराने दूर होऊ शकतात. म्हणून रक्ताची तपासणी आधी करून घ्यावी. खऱ्या अल्झायमरमध्ये मात्र मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट होत जातात. आमच्या आईला मिळाली त्या गोळ्यांनी लक्षणे काही काळ सौम्य झाली, परंतु गेलेले परत आले नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठी ओलांडलेल्या माणसांपैकी सुमारे 88 लक्ष स्त्री-पुरुष स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. शंभरात सात-साडेसात.

आणि चोरीचा आळ? तोही या रोगाचाच भाग. ठेवलेली वस्तू आठवत नाही, पण ती नाहीशी झाल्याचे कळते. मग मन आपल्या परीने हिशेब जुळवते आणि जो माणूस सर्वांत जवळ असतो, तोच चोर ठरतो. ज्या रुग्णेवरून हा विकार प्रथम ओळखला गेला, त्या आउगुस्टे डेटर या जर्मन बाईचा आजारही संशयानेच सुरू झाला होता. 1901 मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात तिला आणले, तेव्हा तिचे वय 51 होते. संशय होता तो तिच्या नवऱ्यावर, आणि त्यानेच तिला रुग्णालयात आणले होते. तिच्या मृत्यूनंतर, 1906 च्या नोव्हेंबरात, डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूत आढळलेले बदल वैद्यांच्या सभेपुढे मांडले. तिच्या नवऱ्याला त्या वर्षांत कोणी धीर दिला होता का, हे इतिहासात शोधावेसे आम्हाला फार वाटते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते आपल्यासारख्या हैदराबादी मराठी कुटुंबांच्या जिव्हाळ्याचे आहे. आमची आई 1938 ची, जन्म परभणीचा. 1955 साली लग्न होऊन या शहरात आली तेव्हा हैदराबाद संस्थानाचे राज्य झाले होते, पण मराठवाडा अजून त्यातच होता. पुढल्याच वर्षी परभणी एका राज्यात गेली आणि ती दुसऱ्या. घरात मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात दखनी. तिन्ही भाषा तिच्या जिभेवर खेळत. पंजागुट्ट्याच्या निजाम आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शहरातील 648 स्मृतिभ्रंश-रुग्णांचा अभ्यास केला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत रोगाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली होती. जे कधी शाळेत गेले नव्हते, त्यांच्यातही हा फरक आढळला. या निष्कर्षाबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहेत. शिवाय भाषा रोग टाळतात असे कोणी म्हटलेले नाही. तथापि चारमिनारच्या परिसरात तीन भाषांत भाव करणाऱ्या आपल्या आज्यांचे हे अनवधानाने घडलेले व्यायाम आम्हाला मोठे मनोहर वाटतात.

दुर्दैव असे की, भाषा जातातही. आधी आईची तेलुगू गेली. साठ वर्षांची शेजारीण दारात येऊन बोले आणि आई नुसती पाहत राही. मग दखनी विरळ झाली. उरली ती परभणीची, लहानपणची मराठी. देखभालीसाठी ठेवलेली मुलगी होती नलगोंड्याची. तिला त्यातले अक्षर कळत नसे. परिणामी रात्रंदिवस सर्व भार पुन्हा सौ. वर. जिच्यावर चोरीचा आळ, तिनेच न्हाऊ घालायचे, तिनेच घास भरवायचा. आप्त येत, पाच मिनिटे बसत, आई त्या पाच मिनिटांत छान बोले, आणि जाताना ते आम्हाला बाजूला घेऊन म्हणत, "यांना तर काहीच झालेले नाही!" सौ. ने लग्नकार्यांना जाणे सोडले. रात्री ती बाल्कनीत एकटी बसून राही. आम्हाला ते दिसे, पण बोलावे काय, हे सुचत नसे.

अशा अवस्थेत 2019 च्या अखेरीस आम्ही एका मेळाव्याला गेलो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणारी माणसे महिन्यातून एकदा जमतात, एवढेच डॉक्टरांनी सांगितले होते. देशात या कामाची मोठी संस्था, अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसॉर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया, 1992 मध्ये केरळात सुरू झाली, आणि हैदराबादेतही तिची शाखा आहे. आम्ही गेलो तो मात्र दहा-बारा कुटुंबांचा घरगुती गट. एका हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, थर्मासमध्ये चहा, उस्मानिया बिस्किटांचा पुडा. सौ. दाराजवळच्या खुर्चीत पदर सावरून बसली. कोणी काही विचारले की मान हलवी. शेवटी पलीकडच्या एक तेलुगू बाई, सर्वजण ज्यांना अक्का म्हणत, तिच्याकडे वळून आपल्या हिंदीत म्हणाल्या, "अम्मा, तुम क्या चुराए?"

आम्ही गार झालो. त्या बाई मात्र हसत होत्या. "मैं तो सासू का पेन्शन चुराई. ये भाईसाब बीवी का मकान बेच को खा गए. वो कोने में बैठे सो, उनो अपने बाप को जहर देते रोज!" सारी मंडळी हसू लागली. सौ. ने डोळे वर केले. "पाटल्या," ती म्हणाली. "दोन." आणि मग वर्षभराचे साठलेले रडू तिला आवरेना. कोणी "शांत व्हा" म्हणाले नाही. अक्कांनी तिच्या हातात चहाचा कप दिला, आणि पुढचा माणूस आपली हकीकत सांगू लागला.

आम्हाला त्या संध्याकाळी जे मिळाले, ते रक्ताच्या नात्यात मिळाले नव्हते. त्याचे कारण नातेवाईक दुष्ट होते असे नव्हे. त्यांच्या डोळ्यांपुढे अजूनही पूर्वीचीच आई होती, आणि तिचे शब्द ते खरे मानत. ही परकी माणसे आईला ओळखतच नव्हती. ती रोगाला ओळखत होती.

व्यवहाराच्या गोष्टी तेथेच कळल्या. रुग्णाचे म्हणणे खोडून काढू नये. "माझी आई कुठे आहे?" असे तिने विचारले की आम्ही प्रामाणिकपणे सांगत असू, "ती वारून चाळीस वर्षे झाली," आणि आईला ते दुःख दर वेळी नव्याने होई! त्याऐवजी "तुझी आई पुरण कसे करी गं?" असे विचारावे. दिवेलागणीला अस्वस्थता वाढते, म्हणून अंधार पडण्यापूर्वीच घरातले सारे दिवे लावावेत. न्हाणीघराची आतली कडी काढून टाकावी. आरशातल्या म्हातारीला आई घुसखोर समजे, त्यावर एकाने आरशावर पडदा सुचवला. गळ्यात किंवा मनगटात नाव व दूरध्वनी क्रमांक असावा. आणि हरवलेली वस्तू शोधायची ती तांदळाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, देवघरात. घरी येऊन शोधले. एक पाटली तांदळाच्या डब्याच्या तळाशी निघाली. दुसरी आजतागायत सापडलेली नाही. सापडलेल्या पाटलीचे छायाचित्र आम्ही पुण्यास पाठवले, आणि सोबत एक पत्र. त्यात आमच्या मौनाबद्दलही लिहिले. भगिनींचा दूरध्वनी आला तो सौ. च्या नावे. त्या काय बोलल्या ते सौ. ने आम्हाला सांगितलेले नाही, आम्हीही विचारले नाही.

अशा आधाराने खरोखर काही फरक पडतो, की हे केवळ मनाचे समाधान? गोव्यात डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 81 कुटुंबांत हे पडताळून पाहिले. गावातीलच माणसांना शिक्षण देऊन त्यांनी घरोघर पाठवले. ती डॉक्टर नव्हती, पण ऐकून घेत, समजावीत, वाट दाखवीत. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सांभाळणाऱ्यांचा मनस्ताप कमी झाल्याचे आढळले. न्यूयॉर्क येथे 406 पतिपत्नींच्या अभ्यासात, ज्यांना सल्ला व सोबत मिळाली त्यांच्या घरची रुग्ण मंडळी शुश्रूषागृहात जाण्याची वेळ सुमारे दीड वर्षाने पुढे गेली. तो अहवाल 2006 सालचा. आपल्याकडे शुश्रूषागृहे मुळात थोडी. जे काही आहे ते घर, आणि बहुधा घरातली एक बाई.

मराठीत सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना मोहन आगाशे यांनी उभे केलेले चक्रपाणि शास्त्री आठवतील. हत्तीच्या मागे गेलेल्या त्या विद्वानाला जीव लावते ती परक्या भाषेतली माहुताची बायको. आम्ही तो चित्रपट गटातल्या मंडळींसह पाहिला. अर्ध्यांना मराठी येत नव्हते. कोणी अर्थ विचारला नाही.

2020 च्या मार्चमध्ये मेळावे थांबले. मग दूरध्वनीच्या पाळ्या लागल्या. रात्री नऊला कोणीतरी कोणालातरी विचारी: आज झोपल्या का? जेवण झाले का तुमचे? त्याच सुमारास आईने नवीन छंद घेतला. संध्याकाळ झाली की पिशवी भरून दाराशी उभी राही. "मला घरी जायचंय. गाडी चुकंल." घरी म्हणजे परभणीला, 1955 च्या आधीच्या. दार अडवले की मारायला धावे. आम्ही हतबल होऊन भाईसाबांना सांगितले; तेच, ज्यांनी बायकोचे घर विकून खाल्ले होते. ते म्हणाले, "स्टेशन ले जाओ ना, साब."

निर्बंध सैल झाल्यावर नेले. काचीगुडा स्टेशनची 1916 सालची घुमटांची इमारत पाहताच आईचा चेहरा निवळला. याच स्टेशनावर ती नवी नवरी म्हणून मनमाडकडून येणाऱ्या गाडीतून उतरली होती. फलाटाचे तिकीट काढले, बाकावर बसलो. गाड्या आल्या, गेल्या. तासाभराने तिनेच विचारले, "आता घरी जायचं का?" रिक्षाने बरकतपुऱ्याला परत आलो. आई घरात शिरली आणि म्हणाली, "आली बाई परभणी एकदाची." पुढे अडीच वर्षे, आठवड्यातून दोन-तीन वेळा, आमचा हा प्रवास चालू होता.

आई 2023 च्या पावसाळ्यात गेली. तेराव्याला अक्का, भाईसाब आणि गटातली बहुतेक मंडळी आली होती. भगिनींनी त्यांना आग्रहाने वाढले.

आता तुम्ही तेथे कशाला जाता, असे आम्हाला काही जण विचारतात. गटात एक नांदेडकडच्या वृद्ध बाई आहेत. जन्म मराठी घरातला, लग्न तेलुगू घरात झाले. मुलगा, सून, नातवंडे, सर्वांची भाषा तेलुगू. बाईंची तेलुगू आता गेली आहे. सौ. दर गुरुवारी दुपारी चिक्कडपल्लीला त्यांच्याकडे जाते आणि तासभर मराठीत बोलत बसते. बाई तिला आपली धाकटी बहीण समजतात. गेल्या गुरुवारी रहदारीमुळे तिला अर्धा तास उशीर झाला, तेव्हा बाई रागावून म्हणाल्या, "इतका वेळ कुठं उंडारत होतीस? आई कवाची वाट बघतीय."