टाकाऊ म्हणजे काय?

पांढुर्णा व सौंसर हा आमचा प्रदेश संत्र्यांचा आणि कापसाचा. येथे जुन्या लुगड्यांची गोधडी होते. संत्र्यांच्या साली, भाजीचे देठ व शेण उकिरड्यात कुजून त्यांचे खत होते. काच, लोखंड व रद्दी भंगारवाला नेतो. मग टाकाऊ असे उरते किती? खरा अनर्थ होतो तो सरमिसळीने. उकिरड्यात पडलेली प्लास्टिकची पिशवी कुजत नाही. ती खताबरोबर शेतात जाते. शिळ्या अन्नासह रस्त्यावर फेकल्यास ती गुरांच्या पोटात जाते. पोळ्यास आपण बैल पूजतो. मग एरवी गुरांपुढे हे विष टाकणे आपणांस शोभते काय? 2016 च्या केंद्रीय नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याचे कर्तव्य घरोघरी सोपविले. आपण विद्यार्थ्यांनी आजच घरी दोन टोपल्या ठेवून त्याचा आरंभ करावा.