हद्दीपर्यंतची बस

  मागच्या लेखावर एका वाचकांनी विचारलंय: अमेरिकेत शेजारच्या स्कूल डिस्ट्रिक्टची (ठरलेल्या हद्दीतल्या शाळा चालवणाऱ्या मंडळाची) शाळा निवडायची मुभा असेल, तर मुलांना एसटीसारखा पास देऊन मोकळं का होत नाहीत? आपल्याकडे पास चालतो, कारण एसटी शाळेची नसते. ती एरवीही धावतच असते, मूल तिच्यात चढतं. अमेरिकेच्या ग्रामीण भागात बहुतेक ठिकाणी अशी एरवी धावणारी बसच नाही. असते ती शाळेची पिवळी बस, आणि ती चालवतो डिस्ट्रिक्ट, स्वतः किंवा कंत्राटदाराकरवी. त्यामुळे डिस्ट्रिक्ट संपला की बसही संपते.

ही मुभा राज्यभर देण्यात मिनेसोटा पहिलं. तिथल्या नियमानुसार नव्या डिस्ट्रिक्टने बस द्यायची ती आपल्या हद्दीत. हद्दीपर्यंत मूल आणून सोडायचं पालकांनी. म्हणजे जानेवारीत, उजाडायच्या आत, शिवेजवळच्या थांब्यावर इंजिन चालू ठेवून मोटार उभी, मागे मांडीवर दप्तर घेतलेलं मूल. बस येते, मूल चढतं, बस तिथूनच वळते. घर पलीकडे दोनच मैलांवर असलं तरी. गरीब कुटुंबांना या प्रवासाचा खर्च परत मिळायची सोय आहे, आठवड्याला २५० मैलांपर्यंत. पण भरपाई मिळते ती मैलांची. मोटार मुळात दारात हवी, आणि सकाळी सातच्या पाळीला न जाणारं कुणीतरी घरात हवं. कायद्याने सगळ्यांना दिलेली मुभा बसने मोटारवाल्यांपुरती करून टाकली, असं माझं मत आहे.

यावर आक्षेप येतो तो पैशाचा: आमच्या करातून दुसऱ्यांची मुलं का आणायची? त्याच्या पोटात खरी भीती वेगळी आहे. मुलामागे राज्याचं अनुदान जातं. दहा मुलं गेली की छोट्या डिस्ट्रिक्टचा एखादा शिक्षक जातो. म्हणूनच विस्कॉन्सिनमध्ये मुलाच्या मूळ डिस्ट्रिक्टने संमती दिल्याशिवाय दुसऱ्याची बस त्याच्या हद्दीत मूल घ्यायला शिरू शकत नाही. भीती समजण्यासारखी आहे, उपाय मात्र उफराटा. बस अडवून मोटारवाले थांबत नाहीत. ते जातातच, आणि मागे उरतात ती ज्यांना जाणं परवडत नाही अशांची मुलं.

कोर्टाकडून आशा धरण्यात अर्थ नाही. नॉर्थ डकोटातल्या डिकिन्सन डिस्ट्रिक्टने शाळेपासून १६ मैलांवरच्या एका कुटुंबाकडे बसचे वर्षाला ९७ डॉलर मागितले. कुटुंब भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हरलं. हद्दीच्या आतल्यांनाच फुकट बसचा घटनादत्त हक्क नाही, तिथे बाहेरच्यांचं कोण ऐकणार?

तरीही बस हद्द ओलांडू शकते. बॉस्टनची मेटको योजना १९६६ पासून शहरातल्या, मुख्यतः कृष्णवर्णीय मुलांना उपनगरांतल्या शाळांत नेते, आणि खर्चाचा मोठा भार राज्य उचलतं. तिच्यावरचा आक्षेप लांबच्या प्रवासाचा: मुलं पहाटे उठतात, संध्याकाळी दमून परततात. तो खराच आहे, आणि मेटकोपुरता मला त्याचा प्रतिवाद करायचा नाही. पण मिनेसोटाच्या त्या थांब्याला तो लागू होत नाही. तिथे बसला दोन मैल पुढे जायचंय, आणि त्या दोन मैलांचं डिझेल राज्याने भरलं तर कुठल्याच गावाच्या करदात्याला तक्रारीला जागा उरत नाही.